पडून राहिलेला माल पुस्तकी किमतीला घेतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

गोडाऊनमध्ये अडकलेला माल कोणी पूर्ण पुस्तकी किमतीला (हिशेबाच्या वहीत दाखवलेल्या किमतीला) उचलतो म्हणालं, तर आधी एवढंच विचारा: पैसे रोख देणार की क्रेडिट, म्हणजे रोखीऐवजी खात्यावर जमा होणारी आणि पुढच्या खरेदीत वळती करायची रक्कम? क्रेडिट देणार असतील तर पुढचं सगळं नीट वाचा. अशाच व्यवहारात आमचा निम्मा माल गेला आणि वर खिशातली रोकडही गेली. हीच माणसं आता इतरांची दारं ठोठावत आहेत असं कानावर आलं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आम्ही चार्ज होणारे टेबललॅम्प विकतो. नवीन मॉडेल बाजारात आलं आणि जुन्याची मागणी पार बसली. असा माल नुसता ठेवून देता येत नाही. गोडाऊनचं भाडं, विमा, अडकलेलं भांडवल हे तर आहेच, पण लिथियम बॅटरी पडून राहिली की आपोआप उतरत जाते आणि फार खाली गेली की नंतर चार्जच घेत नाही. म्हणजे दिवस जातील तसा माल खरोखर खराब होत होता. लॉट उचलणाऱ्यांकडून भाव आले ते खरेदीच्या जेमतेम पाव हिश्शाचे. ऐकून पोटात खड्डा पडला. पण बाजारभाव तोच होता.

नेमक्या याच वेळी एका बार्टर कंपनीचा, म्हणजे रोखीऐवजी वस्तू-सेवांची अदलाबदल जुळवून देणाऱ्या कंपनीचा, प्रतिनिधी आला. "पाव किमतीला कशाला विकता? आम्ही पूर्ण पुस्तकी किंमत देतो, ताळेबंदात तोटा दाखवायची वेळच येणार नाही," असं त्याचं म्हणणं. मोबदला ट्रेड क्रेडिटमध्ये. ही क्रेडिटं जाहिरात, मालवाहतूक, कुरिअर, पॅकिंगचे खोके अशा नेहमीच्या खर्चाला वापरायची. बार्टर हा प्रकार मुळात खोटा नाही. स्वित्झर्लंडमध्ये 1934 साली सुरू झालेली विर ही सहकारी व्यवस्था आजही आहे आणि तिथले लहानमोठे व्यावसायिक आपसात तिची क्रेडिटं घेतात-देतात. तिथे एकाकडून मिळालेलं क्रेडिट दुसऱ्या अनेकांकडे चालतं. आम्हाला मिळालेलं क्रेडिट मात्र एकाच खिडकीवर चालणार होतं, आणि त्या खिडकीवरचे भाव तीच कंपनी ठरवणार होती.

फसवणूक कुठे होती ते आता सांगतो. ईमेलमध्ये लिहिलं होतं की प्रत्येक खरेदीत निम्मी रक्कम क्रेडिटमधून वळती होईल. सही झालेल्या करारात मात्र "त्या वेळच्या प्रचलित प्रमाणानुसार" एवढेच शब्द होते. आकडा मागितला तर "तो पुरवठादाराप्रमाणे बदलतो, निम्म्याच्या खाली कधीच जात नाही" असं पुन्हा लेखी कळवण्यात आलं. शेवटच्या पानावर आणखी एक कलम होतं: हा करार म्हणजेच दोन्ही पक्षांमधला संपूर्ण करार, आधीची सगळी बोलणी, पत्रव्यवहार आणि सादरीकरणं रद्द. बहुतेक व्यापारी करारांत हे कलम असतंच, त्यामुळे त्यात कोणाला काही खटकत नाही. इथे त्याचा उपयोग ईमेलमधली आश्वासनं पुसून टाकायला झाला. मालाचा पहिला हप्ता गेला, क्रेडिट खात्यात जमा झालं आणि "प्रचलित प्रमाण" 25 टक्क्यांवर आलं.

आकडे सोपे करून मांडतो, कारण सगळी मेख त्यातच आहे. समजा माल 100 चा. मिळाली 100 क्रेडिटं. दर खरेदीत 25 टक्केच वळती होणार, म्हणजे 100 क्रेडिटं संपवायला 400 ची खरेदी करायची आणि त्यातले 300 रोख मोजायचे. तेही मुदतीच्या आत, कारण मुदत संपली की उरलेली क्रेडिटं बाद. आता ती 400 ची जाहिरात बघा. भाव छापील रेट कार्डचा, आणि त्या भावाने रोखीत जाहिरात कोणीच घेत नाही. त्याच जागेचा, त्याच तारखांचा भाव आम्ही दुसऱ्या एजन्सीकडून थेट मागवला. तो आला 280. म्हणजे माल द्यायचा, क्रेडिटं खर्चायची आणि तरीही रोखीत 20 जास्त मोजायचे. लॉटवाला 25 देत होता, इथे आमच्याकडूनच 20 निघाले.

मग जाहिरात सोडून वाहतूक आणि खोक्यांसाठी क्रेडिटं वापरायला गेलो. "सध्या उपलब्ध नाही" हे उत्तर ठरलेलं. आमच्या ऑफिसातल्या मुलीने त्यांच्या पुरवठादारांची यादी समोर ठेवली आणि एकेकाला फोन लावत गेली. एका कुरिअर कंपनीने या बार्टर कंपनीचं नावही ऐकलं नव्हतं. खोके बनवणाऱ्या कारखान्याने सांगितलं की त्यांनी एकदा माल विकला होता, तोही पूर्ण रोखीत, क्रेडिटचा काही संबंध नाही. हे सगळं करार होण्याआधी दाखवलेल्या यादीतलं. प्रमाण बदललं तेव्हा वाटलं होतं की व्यवहार नुसता तोट्याचा आहे. त्या फोननंतर मात्र याला फसवणूक म्हणायला माझी जीभ अडखळत नाही.

मालाचं काय झालं तेही ऐका. माल दूरच्या बाजारात जाईल, तुमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांसमोर येणार नाही, असा शब्द होता. काही आठवड्यांनी आमच्या जुन्या दुकानदाराने एका खोक्याचा फोटो पाठवला. बॅच नंबरवर काळ्या मार्करने रेघा मारलेल्या, पण झाकणाच्या आतल्या बाजूला आमच्या तपासनिसाचं हिरवं स्टिकर जसंच्या तसं. भाव आमच्या घाऊक भावाच्या निम्म्याहून कमी. त्या दुकानदाराने नव्या मॉडेलची ऑर्डरही रोखून धरली, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? एकदा विकलेला माल पुढे कुठे जातो यावर मूळ विक्रेत्याचा ताबा सहसा राहत नाही. तो ठेवायचा तर करारातच प्रदेश लिहावा लागतो, भंग झाल्यास ठरलेली भरपाई लिहावी लागते आणि परदेशी जाणारा माल असेल तर जहाजाच्या बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढल्याच्या पावतीची) प्रत मागावी लागते. नुसत्या तोंडी शब्दाने किंवा ईमेलने माल अडत नाही.

"तोटा दाखवावा लागणार नाही" हे वाक्यही पोकळ आहे. आंतरराष्ट्रीय लेखामानक 2 प्रमाणे साठ्याचं मूल्य खरेदीची किंमत आणि निव्वळ वसूल होऊ शकणारी किंमत यांतलं जे कमी असेल ते धरायचं असतं. माल पाव किमतीचा झाला असेल तर तो तोटा झालेलाच आहे, क्रेडिट घेऊन तो नाहीसा होत नाही. अमेरिकेतल्या हिशेबनियमांत तर बार्टर क्रेडिटबद्दल 93-11 क्रमांकाचा स्वतंत्र निर्णय झाला होता: मालाची घट देवाणघेवाणीच्या आधीच दाखवा आणि क्रेडिटचं मूल्य सहसा त्या मालाच्या वाजवी किमतीवरून धरा. आमच्या ऑडिटरने पहिल्याच नजरेत ती 100 क्रेडिटं 25 वर आणली, आणि कशालाच वापरता येत नाहीत हे कळल्यावर शून्यावर.

असा प्रस्ताव समोर असेल तर क्रेडिट आणि रोख यांचं प्रमाण आकड्यात, करारातच लिहून घ्या. पुरवठादारांची नावं परिशिष्टात घाला आणि सहीआधी त्यांना स्वतः फोन करा. भाव रेट कार्डशी न जुळवता, तुम्हाला बाहेर रोखीत मिळणाऱ्या भावाशी जुळवायचा असं कलम हवं. मुदतीत क्रेडिट वापरता आलं नाही तर उरलेल्याचे रोख पैसे द्यायची हमी मागा. खरी बार्टर कंपनी यावर घासाघीस करेल, पण बोलेल तरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माल एकदम सोडू नका. पहिल्या हप्त्याची क्रेडिटं प्रत्यक्ष खर्च झाल्याशिवाय दुसरा हप्ता गेटबाहेर काढायचा नाही, ही अट आमच्या करारात होती, म्हणून निम्मा माल वाचला.

त्यांच्या ट्रकवाल्याने तो न्यायला दोनदा चकरा मारल्या, वकिलाच्या नोटिशीची धमकीही आली. आम्ही तेच कलम पुढे केलं आणि त्यानंतर नोटीस काही आली नाही. वाचलेल्या लॅम्पमधून चार्जर आणि अ‍ॅडॉप्टर वेगळे काढले, ते सुटे भाग म्हणून बऱ्या भावाला गेले. मेलेल्या बॅटऱ्या पुनर्वापर करणाऱ्यांकडे दिल्या. उरलेले लॅम्प लॉटवाल्याने पाव किमतीला घेतले, खात्यात पैसे जमा झाल्याचं बँकेकडून कळल्यावरच गाडी भरली. पहिल्या हप्त्याबद्दलची तक्रार त्या ईमेलच्या आणि पुरवठादारांच्या लेखी उत्तरांच्या जोरावर केली आहे. तुमच्याकडेही अशाच यादीचा कागद असेल तर तो जपून ठेवा आणि त्यावरच्या प्रत्येकाचं उत्तर लेखी मागवा.