दहा महिने, एक रायफल आणि २.५-१०×४२ ची दुर्बीण

गेल्या मार्चमध्ये रायफलवरची जुनी दुर्बीण उतरवली आणि नवीन चढवली. आता जानेवारी चालू आहे. या दहा महिन्यांत तारारुआच्या डोंगरात नऊ फेऱ्या झाल्या, काइमानावात दोन, शिवाय नेमबाजीच्या रेंजवर दीडशेच्या आसपास गोळ्या. दुकानात उभं राहून जे वाटलं होतं त्यातलं बरंच जंगलात गळून पडलं, काही मात्र पक्कं झालं. शिकारीच्या रायफलीसाठी दुर्बीण घ्यायच्या विचारात जे कुणी असतील त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी वेलिंग्टनला राहतो, त्यामुळे हे सगळं न्यूझीलंडमधलं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. इथली गोष्ट निराळी. या बेटांवर वटवाघळं सोडली तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी मूळचा नव्हता. रेड डिअर जातीची हरणं इंग्रजांनी १८५१ पासून आणून सोडली. त्यांना खाणारं इथे कुणी नाही, आणि ती जंगलातली कोवळी रोपं वर येऊच देत नाहीत. १९३० मध्ये सरकारने त्यांचं संरक्षण काढून घेतलं. आज स्वतःचा बंदूक परवाना आणि संवर्धन खात्याची मोफत परवानगी असली की बऱ्याचशा सरकारी जंगलात वर्षभर हरीण मारता येतं. आपलं सांबरसुद्धा इथे आहे, १८७५ मध्ये श्रीलंकेहून आणून मानावातू भागात सोडलेलं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ताडोबात पाहिलेलं सांबर डोळ्यांसमोर आलं आणि मन जरा कसनुसं झालं. सांबराच्या मागे मी अजून गेलेलो नाही.

रायफल टिका टी३एक्स, सेव्हन एमएम-०८ गोळीची. दुर्बीण २.५ ते १० पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं, नळी ३० मिलिमीटरची, वजन सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास. अकराशे न्यूझीलंड डॉलर मोजले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की सगळी चर्चा नावाचीच होते, आणि माझं म्हणणं आकड्यांबद्दल आहे. याच आकड्यांच्या चांगल्या दुर्बिणी चार-पाच कंपन्या तरी बनवतात.

आधीची दुर्बीण ६-२४×५० होती. आकडा जितका मोठा तितकी वस्तू चांगली, असं धरून घेतलेली. मागच्या वर्षी एका ओढ्याच्या कडेने जाताना बीचच्या झाडांत माझ्यापासून ३० मीटरवर हरणाची एक मादी उभी राहिली. रायफल खांद्याला लावली तर दुर्बिणीत नुसते तपकिरी केस. मान कुठे, खांदा कुठे, काही उमजेना. सहा पटीवर १०० मीटरला जेमतेम साडेपाच मीटर रुंदीचं दृश्य दिसतं, म्हणजे ३० मीटरला पावणेदोन मीटरही नाही. रेड डिअरच्या मादीची लांबीच तेवढी असते. मी हरणाच्या अंगावर हरीण शोधत होतो. ती चार-पाच सेकंद थांबली आणि निघून गेली. गोळी झाडली नाही याचं मला आजही समाधान आहे. तीच दुर्बीण पुढच्या फेरीत आतून धुरकटली. बाहेरून पुसून जाणारं धुकं नव्हे, भिंगांच्या आतल्या बाजूचं. नळीत भरलेला कोरडा नायट्रोजन निसटला आणि ओल आत शिरली की असं होतं. डोंगरात त्यावर इलाज नाही.

म्हणून या वेळी उलटीकडून सुरुवात केली. मोठा आकडा कितीचा हे न पाहता लहान आकडा कितीचा हे पाहिलं. इथल्या दाट जंगलात माझे निम्म्याहून जास्त प्रसंग ६० मीटरच्या आतले. २.५ पटीवर १०० मीटरला साधारण चौदा मीटर दिसतं, म्हणजे ३० मीटरला चार मीटरच्या वर. रायफल खांद्याला लागताच हरीण पूर्ण दिसतं, भोवतालची झाडंही दिसतात, आणि त्याच्या मागे काय आहे तेही. चालताना मी ती कायम २.५ वरच ठेवतो. लांबचं हरीण दिसलं तर पट वाढवायला वेळ मिळतोच. जवळचं दिसलं तर पट कमी करायला मिळत नाही. दहाच्या पुढच्या पटीची उणीव दहा महिन्यांत एकदाही भासली नाही. २०० मीटरवर आठ पट मला भरपूर होतात.

दुसरा हिशेब उजेडाचा. सरकारी जंगलात रात्री शिकार करायला मनाई आहे, आणि हरणं बाहेर पडतात ती पहाटे आणि दिवे लागणीला. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी कळते. ४२ भागिले ६ म्हणजे ७ मिलिमीटर. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच उघडते, चाळिशीनंतर त्याहून कमी. म्हणजे माझ्या डोळ्याला सहा पटीपर्यंत ही दुर्बीण पुरेपूर उजेड देते, त्यापुढे चित्र हळूहळू मंदावतं. दहावर झोत ४.२ मिलिमीटर उरतो. हे वाचून समजलं होतंच, पण खरं पटलं ते जून महिन्यातल्या एका संध्याकाळी. दहावर काळपट गोळा दिसणारी जागा सहावर आणताच फर्न आणि दगड वेगवेगळे दिसले. जाड नळीने उजेड वाढतो असं दुकानात सांगतात, तसं नसतं. ३० मिलिमीटरच्या नळीत नेम खालीवर सरकवायला जागा जास्त मिळते, एवढंच. माझ्यासारख्याला २५.४ मिलिमीटरची, म्हणजे एक इंची नळीसुद्धा चालली असती आणि वजन थोडं वाचलं असतं.

आतल्या फुलीबद्दल, म्हणजे नेम धरायच्या आडव्या-उभ्या रेघांबद्दल, थोडं जास्त लिहितो, कारण खरेदी करताना तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. काही दुर्बिणींत पट वाढवली की फुलीही जाड होते, काहींत ती तेवढीच राहते. पहिला प्रकार लांब पल्ल्याच्या नेमबाजीला उत्तम. पण कमी पटीवर त्यातली फुली केसाएवढी बारीक होते आणि जंगलाच्या काळोखात हरवते. मी दुसरा प्रकार घेतला: बाहेर जाड दांडे, मध्यभागी बारीक रेघा. ल्युपोल्ड कंपनीने १९६२ मध्ये ड्युप्लेक्स नावाने ही फुली आणली आणि आज जवळजवळ प्रत्येक कंपनीकडे ती कुठल्या ना कुठल्या रूपात असते. जाड दांडे नजरेला आपोआप मध्यावर आणतात.

माझं आजोळ कणकवलीजवळ. मामाकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. नळीच्या टोकाला माशी, म्हणजे नेम धरायचा छोटा उंचवटा, आणि डोळा, माशी, जनावर असं तिन्ही एका रेषेत आणायचं. डोळा एका वेळी एकावरच स्थिरावतो, बाकीचं अंधूक होतं. दुर्बिणीत फुली आणि हरीण एकाच पातळीवर, दोन्ही स्पष्ट दिसतात. माझ्या लेखी दुर्बिणीचं मोठं देणं हेच, मोठं दिसणं त्यानंतर.

पण रायफलवरची दुर्बीण पाहण्यासाठी नाही, हे मी जितक्या कळकळीने सांगेन तितकं थोडं. ती जिकडे वळते तिकडे रायफलची नळीही वळते. इथल्या बंदूक सुरक्षेच्या सात नियमांत चौथा नियम आहे, लक्ष्य काय आहे याची तिळमात्र शंका उरू देऊ नका. ऑगस्टमध्ये एका धारेवर मानुकाच्या झुडपात तपकिरी काहीतरी हललं. उंची हरणाची, रंग हरणाचा. रायफल पाठीवरच ठेवली आणि गळ्यातली ८×४२ ची हातदुर्बीण लावली. दोन मिनिटं काहीच कळेना. मग एक पट्टा दिसला, मग बकल. एक गिर्यारोहक सॅक पाठीवर तशीच ठेवून बसला होता, वारा चुकवत. मी हाक मारली, आम्ही बोललो, चहा घेतला. तो गेल्यावर माझे हात थरथरायला लागले. त्या दिवशी मी पुढे गेलोच नाही. रायफलच्या दुर्बिणीला पैसे कमी पडत असतील तर पडू द्या, हातदुर्बीण आधी घ्या.

बसवण्याचं काम मी स्वतः केलं आणि त्याला अख्खी संध्याकाळ दिली. मला चष्मा आहे, म्हणून डोळा आणि मागचं भिंग यांत किती अंतर ठेवून पूर्ण चित्र दिसतं हे महत्त्वाचं होतं. या दुर्बिणीत ते साधारण ९ सेंटिमीटर आहे. कमी असेल तर गोळी सुटताना मागचा कडा भुवईवर आदळतो. आधी दुर्बीण रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगांत नुसती सैल ठेवली, हिवाळ्याचं जाड जॅकेट घालून डोळे मिटून रायफल खांद्याला लावली, मग डोळे उघडले. चित्राच्या कडेला काळी सावली दिसली की थोडी पुढे-मागे. हे सात-आठ वेळा. नंतर स्क्रू मोजमापाच्या पान्याने, माझ्या रिंगांसाठी सांगितलेल्या दोन न्यूटन-मीटरवर, आळीपाळीने आवळले. हाताच्या अंदाजाने आवळलं तर नळी चेपते किंवा दुर्बीण धक्क्यांनी सरकते.

नेम सरकवायच्या चकत्यांची एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर १ सेंटिमीटर. मीटरमध्ये विचार करणाऱ्याने अशीच घ्यावी, डोक्यात गुणाकार करावा लागत नाही. मी १०० मीटरवर ४ सेंटिमीटर वर लागेल असं लावलं आहे. माझी १४० ग्रेन वजनाची गोळी मग २०० मीटरवर साधारण तेवढीच खाली लागते. हरणाचं काळीज-फुप्फुस असतं तेवढ्या जागेत हा फरक सहज मावतो, म्हणून २०० पर्यंत मी सरळ मध्यावर धरतो आणि त्यापुढे झाडत नाही. सप्टेंबरमध्ये नदी ओलांडताना शेवाळावर पाय घसरला आणि रायफल दुर्बिणीच्या बाजूने दगडावर आपटली. नळीवर बोटभर ओरखडा आला. त्या फेरीत गोळी झाडली नाही. परत येऊन रेंजवर पाहिलं तर तीन गोळ्या ३ सेंटिमीटरच्या आत, जिथे हव्या तिथेच.

तक्रारी आहेत. पट बदलायची कडी थंडीत फार घट्ट होते, ओल्या हातमोज्यांनी फिरतच नाही. शेवटी तिच्यावर छोटा दांडा बसवून घेतला. मध्यातला लाल ठिपका दिवसा छान, पण अगदी काळोख पडताना सर्वांत मंद पायरीवरही जास्त प्रखर वाटतो आणि मागचं झाकोळतो, म्हणून त्या वेळी तो बंदच ठेवतो. आणखी एक: कलत्या उन्हाकडे तोंड केलं की चित्र दुधाळ होतं. पुढे सावलीची नळी लावली की बरंच कमी होतं, मात्र रायफल लांबते. आतून धुकं एकदाही धरलं नाही, आणि तारारुआत कोरडा दिवस क्वचितच मिळतो. मागच्या भिंगावर आपलाच श्वास बसतो, त्यावर झाकणाशिवाय उपाय नाही.

मे महिन्यातली एक संध्याकाळ सांगतो. इथे तेव्हा सव्वापाचला सूर्य मावळतो. दरड कोसळून मोकळ्या झालेल्या उतारावर एक मादी चरायला आली, १४० मीटरवर. तिच्यामागे पाडस नाही ना, हे मी हातदुर्बिणीने दहा मिनिटं पाहत राहिलो. नव्हतं. सॅकवर रायफल टेकवली, पट सहावर आणली. फुलीचे जाड दांडे त्या उजेडातही ठळक होते आणि तिच्या खांद्यामागची घडी दिसत होती. एक गोळी. ती दोन पावलं गेली आणि बसली. जवळ पोचलो तेव्हा तिचे डोळे उघडे होते. मी थोडा वेळ काही न करता नुसता तिच्यापाशी बसलो. मग बॅटरीच्या उजेडात सोलून, मांस सॅकमध्ये भरून रात्री अकराला गाडीपाशी आलो. ते मटण आम्हाला आणि शेजारच्या दोन घरांना जुलैपर्यंत पुरलं.

काल पुन्हा रेंजवर गेलो होतो, मार्चअखेरीस नर ओरडायला लागतील त्याआधीची तपासणी म्हणून. थंड नळीने तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही मध्याच्या ४ सेंटिमीटर वर. एप्रिलपासून चकत्यांना हात लावलेला नाही, कालही लावावा लागला नाही.