काचेची ड्रॉप्लेट चिप: एकसारखे गोळे हवे असतील तर घ्याच

लॅबसाठी फ्लो-फोकसिंगची (तेलाच्या दाबाने पाण्याच्या धारेचे थेंब पाडणारी) काचेची चिप घेतली, ५० मायक्रॉनचा चॅनेल, आतून पाणी न चिकटणारं कोटिंग, आणि रिझल्ट बघून मी जाम खूश आहे. पाण्यात २५० नॅनोमीटरचे सिलिकाचे कण, दोन्ही बाजूंनी सरफॅक्टंट (थेंब एकमेकांत मिसळू न देणारा साबणासारखा पदार्थ) घातलेलं फ्लोरिनेटेड तेल, मधली पाण्याची धार दबून बारीक होते आणि तुटते, की थेंब पडायला लागतात, सगळे एका मापाचे. थेंबातलं पाणी उडालं की आतले कण जमून गोळा उरतो. थेंबांचा साचा करून कण जोडायची आयडिया जुनी आहे, वेलेव, फुरुसावा आणि नागायामा या संशोधकांनी १९९६ मध्येच लेटेक्सच्या (पॉलिमरच्या) कणांवर करून दाखवलेली. होमोजिनायझरनेही (जोरात घुसळणाऱ्या यंत्रानेही) इमल्शन, म्हणजे तेलात पाण्याचे थेंब, मिनिटभरात होतं, पण त्यात ५ मायक्रॉनचा थेंब आणि ८० चा थेंब शेजारीशेजारी, मग वाळल्यावर गोळेही लहानमोठेच निघणार ना.

इथे साईज हिशोबाने ठरवता येतो. ५० मायक्रॉनच्या थेंबात आकारमानाने १ टक्का कण असतील तर पाणी उडाल्यावर साधारण १२ मायक्रॉनचा गोळा उरतो, आणि व्यास दुप्पट हवा तर कण ८ पट घाला, चिप बदलायची गरजच नाही.

वाळवताना मात्र घाई नको. तेल पाण्यापेक्षा दीडपटीहून जड, त्यामुळे थेंब वर तरंगतात, उथळ डिशमध्ये झाकण किंचित उघडं ठेवून हळूहळू पाणी जाऊ द्या. कणांना रचून बसायला वेळ मिळतो आणि कोरडे गोळे मायक्रोस्कोपखाली चक्क हिरवे चमकतात, रंगद्रव्य काहीच नसताना! गरम करून उरकायला गेलं की बाहेर आधी कवच धरतं आणि गोळ्याला खड्डा पडतो.

आता तक्रार. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात कोटिंग कशाने जातं याबद्दल एक ओळ नाही. कॉस्टिकने धुतलं की ते जातं, मग पाणी भिंतीला चिकटतं आणि एकसारखेपणा संपला. माल पण थोडाच निघतो, सेकंदाला १००० थेंब धरले तरी कणांचं १ मिली पाणी संपायला ४ तासांहून जास्त, आणि हातात सिलिका २० मिलिग्रॅमच्या आसपास. ग्रॅमने हवं असेल तर ही चिप तुमच्यासाठी नाही.

घेतलीत तर तेल आणि कणांचं पाणी दोन्ही ५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढूनच सोडा, आणि जमलं तर सिरिंज पंपाऐवजी प्रेशर कंट्रोलर लावा, कमी फ्लोला पंप हिसके देतो आणि ते थेंबांच्या साईजमध्ये लगेच दिसतं.