नवजात अतिदक्षता कुठे शिकावी : संशोधनाच्या केंद्रात की हात बसवणाऱ्या विभागात?

बालरोगशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीसीएच ही पदविका पूर्ण करून रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात परतलेल्या आणि आता नवजात अतिदक्षतेकडे वळू पाहणाऱ्या डॉक्टरांपुढे साधारणपणे तीन वाटा असतात. मुंबई-पुण्याच्या मोठ्या विभागातला तीन वर्षांचा डीएम किंवा डीआरएनबी हा अतिविशेषज्ञतेचा अभ्यासक्रम ही पहिली, एखाद्या मान्यताप्राप्त रुग्णालयातली फेलोशिप ही दुसरी, आणि जिल्हा रुग्णालयाच्या विशेष नवजात काळजी कक्षात, म्हणजे एसएनसीयूत, नोकरी करता करता लहान लहान प्रशिक्षणे पदरात पाडून घेणे ही तिसरी. या तिन्हींची तुलना बहुधा पदवीच्या वजनावरच केली जाते. मी ती दोन वेगळ्या प्रश्नांवर करणार आहे : तिथे हात किती बसतो, आणि तिथे चालणाऱ्या संशोधनात शिकाऊ डॉक्टरच्या वाट्याला नेमके काय येते.

पात्रतेची बाब आधी उरकून टाकू. पहिल्या वाटेला नीट-एसएस ही परीक्षा आणि त्याआधी एमडी किंवा डीएनबी लागते, त्यामुळे डीसीएचवाल्यांसाठी ती बंद आहे. काही फेलोशिप त्यांना घेतात, आणि एसएनसीयूचे दार तर त्यांच्यासाठी नेहमीच उघडे असते.

हाताचा प्रश्न मी आधी का घेतो, हे घाटाखाली काम केलेल्यांना सांगावे लागणार नाही. सिंधुदुर्गातून अत्यवस्थ बाळ पुढे पाठवायचे म्हणजे एक तर महामार्गाने गोव्याला बांबोळीला, नाही तर घाट चढून कोल्हापूरला. आणि जुलैत घाटात दरड आली की ‘रेफर’ हा शब्द केसपेपरवरच राहतो. नऊशे ग्रॅमचे बाळ सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर, असताना छातीत हवा साठली, तर ती सुईने काढणारा माणूस त्याच खोलीत असावा लागतो. मुंबईतल्या विभागात अशा वेळी शेजारच्या ड्युटीरूममधून कोणीतरी धावत येते. इथे धावत येणारे आपणच असतो.

हात बसणे म्हणजे काय, ते एका साध्या उदाहरणावरून पाहावे : औषध देण्यासाठी नाळेतल्या शिरेत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालणे. माझ्या फेलोशिपच्या काळात एक ज्येष्ठ सिस्टर प्रसूतिकक्षातून, त्या आईला विचारून, नाळेचा वीतभर तुकडा स्टीलच्या ट्रेत सलाईनमध्ये घालून आणत असत. प्लास्टिकच्या पुतळ्याची नाळ बोटांत घट्ट बसते, पण खरी नाळ आतल्या जेलीमुळे निसटते, आणि बुंध्याशी बांधायची दोरी जरा जास्त आवळली की ती त्या जेलीत रुतत जाते. कापलेल्या तोंडाशी तीन छिद्रे दिसतात : जाड भिंतीच्या, किंचित वर आलेल्या दोन धमन्या आणि पातळ भिंतीची, मिटून पडलेली एक शीर. त्या शिरेचे तोंड चिमट्याच्या टोकाने उघडायचे, कॅथेटर आधीच सलाईनने भरून घ्यायचा, हवा आत जाऊ नये म्हणून थ्री-वेची तोटी बंद आहे ना ते पाहायचे, आणि तातडीच्या प्रसंगी दोन ते चार सेंटिमीटर आत जाऊन रक्त येताच थांबायचे. वाचायला एवढेच आहे. पण अशा पंधरा-वीस नाळांवर सराव केलेला डॉक्टर आणि न केलेला डॉक्टर यांतला फरक पहाटे तीन वाजता वॉर्मरसमोर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या टेबलासमोर, उभे राहिल्यावर कळतो. सिस्टरची ही ट्रे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते, म्हणून विभाग निवडताना ती चौकशी करून शोधावी लागते.

श्वासनलिकेत नळी घालण्याच्या कौशल्याचे गणित निराळे आहे. मोठ्या केंद्रात बाळे पुष्कळ असतात, परंतु लॅरिंगोस्कोपसाठी, म्हणजे नळी घालताना घशात पाहण्याच्या उपकरणासाठी, हात पुढे करणारेही पुष्कळ असतात. शिवाय सीपॅप आणि बारीक नळीतून सर्फॅक्टंट हे फुप्फुसे उघडी ठेवणारे औषध देण्याची पद्धत रुळल्यामुळे नळी घालण्याचे प्रसंगच घटले आहेत. बाळांच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट झाली, शिकणाऱ्याची मात्र अडचण झाली. या ठिकाणी संशोधन आणि हस्तकौशल्य एकमेकांना थेट भेटतात. डब्लिनमध्ये २१४ बाळांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घसा पडद्यावर दाखवणारा व्हिडिओ लॅरिंगोस्कोप वापरल्यावर पहिल्याच प्रयत्नात नळी बसण्याचे प्रमाण ७४ टक्के, तर नेहमीच्या लॅरिंगोस्कोपने ते ४५ टक्के आले. या आकड्यांचा शिकाऊ डॉक्टरसाठीचा अर्थ असा की जिथे पडदा आहे तिथे मागे उभ्या असलेल्या वरिष्ठाला तुम्ही पाहता तेच दिसते, आणि ‘थोडे मागे घे, ती अन्ननलिका आहे’ हे त्याला वेळेत सांगता येते. म्हणून बाळांच्या संख्येपेक्षा मी आधी हे विचारीन की व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आहे का, आणि तो कपाटात असतो की वॉर्मरजवळ.

लॉगबुकवर, म्हणजे शिकाऊ डॉक्टरने केलेल्या प्रक्रियांच्या नोंदवहीवर, फार विसंबू नये. एका ठिकाणी, ज्याचे नाव घेण्यात अर्थ नाही, आम्ही महिनाअखेरीस आठवून आठवून लॉगबुक भरत असू आणि ‘पाहिले’ व ‘केले’ यांना एकच रकाना होता. बाहेर पडताना माझ्या नावावर तीन एक्स्चेंज ट्रान्सफ्यूजन, म्हणजे बाळाचे रक्त बदलण्याच्या प्रक्रिया, होती, त्यांतली दोन मी खांद्यावरून डोकावून पाहिलेली होती. हे मला खटकायला हवे होते तेव्हा खटकले नाही.

एसएनसीयूची बाजू याउलट आहे. तिथे हात लगेच कामाला लागतो. नाळेतून लाइन टाकणे, पाठीतले पाणी काढणे, सीपॅप लावणे आणि कावीळ फार वाढली तर रक्त बदलणे या सगळ्या गोष्टी नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांतच कराव्या लागतात. दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर ठेवायचे बाळ मात्र सहसा पुढे पाठवले जाते, त्यामुळे तो अनुभव तोकडा राहतो. खरी उणीव दुसरीकडे आहे. मागे उभे राहून पाहणारे कोणी नसते, आणि चुकीची पद्धतही तितकीच पक्की बसते. शासकीय प्रशिक्षणात चार दिवसांचे वर्ग आणि त्यानंतर मोठ्या केंद्रात सुमारे दोन आठवडे निरीक्षण अशी रचना आहे. २००९ पासूनच्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचे प्रशिक्षण दोन दिवसांचे असते. दोन्ही उपयुक्त आहेत, परंतु पुनरुज्जीवनाचे, म्हणजे जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला सावरण्याचे, कौशल्य सराव नसेल तर काही महिन्यांतच ओसरते, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. ही वाट धरणाऱ्याने दर पंधरवड्याला स्वतःच्या विभागात, स्वतःच्या सिस्टरांबरोबर, घड्याळ लावून सराव घेण्याचा नेम पाळला तरच ही वाट फलदायी होते.

आता संशोधन. मोठ्या केंद्राचे या बाबतीतले श्रेष्ठत्व मान्यच केले पाहिजे. नैतिकता समिती कशी चालते, चाचणीची नोंद सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या नोंदणीवर बाळे घेण्याआधीच का करावी लागते, चिठ्ठी टाकून गट पाडल्यावर मनाविरुद्धचा गट आला तरी तो का पाळायचा, हे पुस्तकातून उमगत नाही. हेलिक्स चाचणीचे उदाहरण घ्या. जन्मतः गुदमरलेल्या बाळाला थंड ठेवण्याचा उपचार पाश्चात्त्य देशांत सिद्ध झालेला होता. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात केंद्रांत ४०८ बाळांवर तो पारखला, तेव्हा थंड ठेवलेल्या गटात ४२ टक्के आणि दुसऱ्या गटात ३१ टक्के बाळे दगावली. हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा कामात सहभागी झालेला डॉक्टर परदेशी मार्गदर्शक तत्त्वे आपल्या वॉर्डात आणताना दहा वेळा विचार करतो, आणि ही सवय कोकणात परतल्यावरही फार उपयोगी पडते.

मात्र मोठ्या केंद्रातला प्रत्येक शिकाऊ डॉक्टर संशोधक होतोच असे नाही. पुष्कळांच्या वाट्याला तक्ते भरणे येते. प्रश्न वरिष्ठांनी ठरवलेला असतो आणि विश्लेषण संख्याशास्त्रज्ञ करून देतो. मागच्या दोन तुकड्यांतल्या डॉक्टरांना गाठून एवढेच विचारावे की प्रबंधाचा प्रश्न कोणाचा होता आणि मृत्यू किंवा गुंतागुंत झाली तेव्हा ती नोंदवण्याचे काम कोणी केले.

संमती घेणे हेही कौशल्य आहे, आणि ते हातांच्या कौशल्याइतकेच पाहून शिकावे लागते. आमच्याकडे बाळ पेटीत ठेवले की आजी विचारते, “डाक्टरांनू, झील काचेत कित्याक ठेवलास?” (मुलगा काचेत का ठेवलात?) आणि उत्तर पुरते ऐकण्याआधीच म्हणते, “सही खंय करूची ता सांगा.” (सही कुठे करायची ते सांगा.) या विश्वासावर उपचाराची सही घेता येते, चाचणीची घेऊ नये. चाचणीत यायला नकार दिला तरी बाळाची काळजी तशीच घेतली जाईल, हे मालवणीत समजावून सांगणारा डॉक्टर मुंबईच्या केंद्रात क्वचितच तयार होतो, कारण तिथे त्याला तसे बोलावेच लागत नाही.

संशोधनाला मोठी इमारत लागते, हा समजही सोडून द्यावा. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरच्या नवजात काळजीवर केलेले काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, ते व्हेंटिलेटरशिवायच. एसएनसीयूतल्या दाखल नोंदींत पहिले तापमान लिहिलेले असते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोणत्या भागातून आलेली किती बाळे ३६.५ अंशांच्या खाली होती, आणि ती ओल्या दुपट्यात आली की आईच्या छातीशी, एवढे नीट मोजले तरी तो खरा अभ्यास होतो. रत्नागिरी, ओरोस आणि डेरवणला आता वैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यामुळे नैतिकता समितीसाठी मुंबई गाठण्याची गरज राहिलेली नाही.

पैशांचे थोडक्यात सांगतो. डीएममध्ये विद्यावेतन मिळते, फेलोशिपमध्ये ते ठिकाणागणिक बदलते, आणि एसएनसीयूत घर चालवण्याइतका पगार लगेच सुरू होतो, पण पद बहुधा कंत्राटी असते.

वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचे अध्यापन करायचे असेल, तर पहिल्या वाटेला पर्याय नाही. ज्याच्यावर आई-वडिलांची किंवा लहान मुलांची जबाबदारी आहे, त्याने एसएनसीयू स्वीकारावे, मात्र दरवर्षी महिनाभर रजा टाकून दुसऱ्याच्या नजरेखाली काम करावे. चिपळूण किंवा कणकवलीसारख्या गावात स्वतःचा विभाग उभा करू पाहणाऱ्यांना मी मध्यम आकाराच्या, मोजकेच शिकाऊ असलेल्या आणि एखादा तरी अभ्यास प्रामाणिकपणे चालू असलेल्या ठिकाणची फेलोशिप सुचवीन. माझा कल इथेच आहे, कारण बहुतेक वाचक याच गटातले असतील.

निवड पक्की करण्याआधी त्या विभागात एक रात्र काढण्याची परवानगी मागावी. दिवसा राउंडला सगळेच विभाग चांगले दिसतात. रात्रपाळीच्या सिस्टरांशेजारी बसून पाहावे की ऑक्सिजनचा आकडा घसरला की त्या आधी कोणाला हाक मारतात, तो किती वेळात येतो, आणि आल्यावर लॅरिंगोस्कोप स्वतः घेतो की शिकणाऱ्याच्या हातात देऊन मागे उभा राहतो.