तीर्थन व्हॅलीतली ट्राउट फिशिंग ट्रिप: गाईड एक नंबर, पण फोटोतला डोह आता नाही

आधी रेटिंग सांगतो, 5 पैकी 4. कापलेला एक स्टार त्यांच्या पेजवरच्या फोटोसाठी आहे. होमस्टे आणि गाईड सर्व्हिसचं नाव मी मुद्दाम टाकत नाही, छोटं घरगुती काम आहे त्यांचं आणि मनाने चांगले लोक आहेत, पण नागपूरहून एवढा खर्च करून जो कोणी ट्राउटसाठी हिमाचलात जायचा विचार करून राहिला असेल त्याने हे वाचावं, कारण मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी वेगळ्या प्रकारे बुकिंग केलं असतं.

गेलो आम्ही दोघं, मी आणि माझा मोठा भाऊ. लहानपणापासून कन्हानच्या काठावर गळ टाकून बसणारी माणसं आम्ही, रोहू, कटला, कधी नशिबाने मरळ. ट्राउट फक्त व्हिडिओत पाहिलेला. दादाच्या पन्नाशीची ट्रिप म्हणून ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ठरवला. तमिळनाडू एक्सप्रेसने दिल्ली, तिथून मनालीची रात्रीची व्होल्वो, पहाटे औटला उतरलो आणि त्यांची गाडी घ्यायला आली होती, वेळेवर. तीन रात्री, दोघांचे मिळून 18,000, त्यात राहणं, जेवण, गाईड, रॉड-रील सगळं आलं. फिशरीज डिपार्टमेंटचं लायसन्स पण त्यांनीच काढून ठेवलं होतं, आमचं फक्त आधार कार्ड मागितलं.

आता तो फोटो. पेज उघडलं की पहिलाच फोटो आहे, नदीचं वळण, मधे घराएवढा धोंडा, त्याच्या मागे हिरवागार डोह आणि काठावर झाडं पाण्यात वाकलेली. मी तोच फोटो दादाला पाठवला होता आणि तो लगेच तयार झाला होता. पोहोचल्या दिवशी संध्याकाळी मी गाईडला म्हटलं की उद्या पहिले तिथे जाऊ. तो जरा गप्प झाला, मग म्हणाला चलो, अभी दिखाता हूँ.

रस्त्याला लागूनच होतं ते. वळण होतं, पण धोंडा नव्हता, डोह नव्हता, झाडं नव्हती. साधारण अर्धा किलोमीटर नदीचं पात्र पोकलेनने सपाट केलेलं, दोन्ही बाजूला गोट्यांचे बांध रचलेले, आणि मधून पाणी एकसारखं पसरून वाहून राहिलं होतं, घोट्याएवढं, फार तर पिंढरीएवढं. पुराने रस्ता तुटला होता, परत तुटू नये म्हणून पात्र साफ केलं असं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "भाईसाब, पत्थर ही नहीं बचा, मछली रुकेगी कहाँ?"

इथे मला त्या माणसाचं मनापासून कौतुक करायचं आहे. त्याने आम्हाला तिथे रॉड टाकू दिला नाही. टाकून दोन तास घालवून, आज मासा नाही लागला साहेब, नशीब, असं सांगून तो मोकळा होऊ शकला असता, आम्हाला काही कळलं पण नसतं. उलट दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठवून वर नेलं, गुशैणीच्या पुढे, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या दिशेने, जिथे पात्राला कोणी हात लावलेला नाही. दीड तास चढ होता आणि दादाचा गुडघा दुखतो, तर दादाची बॅग त्याने स्वतः घेतली.

वरचं पाणी पाहून समजलं की ट्राउट मासा नेमका राहतो कसा. आपल्याकडे तलावात गळ टाकून बसायचं, मासा फिरत फिरत येतो. ट्राउट तसा फिरत नाही. तो धोंड्याच्या आडोशाला तोंड वर, म्हणजे येणाऱ्या पाण्याकडे करून उभा राहतो, तिथे पाण्याचा जोर कमी असतो म्हणून ताकद लागत नाही, आणि बाजूच्या जोरदार धारेतून जे किडे वाहत येतात ते झटकन पुढे होऊन खातो आणि परत जागेवर. म्हणजे त्याला आडोसा पण पाहिजे आणि शेजारी धार पण पाहिजे, खोल डोह पण आणि खळाळ पण. गाईड बोट दाखवून सांगायचा, तो काळा दगड, त्याच्या डाव्या बाजूला हातभर, तिथे टाका. आणि खरंच तिथेच असायचा.

एक गोष्ट त्याने दाखवली ती मी विसरणार नाही. वरच्या टप्प्यात पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला, तर खालची बाजू जिवंत, मेफ्लायच्या अळ्या सरपटत होत्या आणि काही अळ्यांनी वाळूचे कण चिकटवून बोटाच्या पेराएवढ्या नळ्या बांधल्या होत्या, त्यातच राहतात त्या, कॅडिस म्हणतात. हेच ट्राउटचं मुख्य जेवण. परत येताना खालच्या खोदलेल्या टप्प्यात थांबून त्याने तसाच दगड उलटा केला. कोरडा धुतल्यासारखा, एक अळी नाही, नुसता बारीक गाळ चिकटलेला. किडे वरून वाहत येऊन काही महिन्यांत परत बसतात म्हणे, पण धोंडे आणि डोह परत व्हायला नदीला एकामागून एक कित्येक पूर लागतात, आणि दरवर्षी मशीन उतरलं तर ते होतच नाही.

अंड्यांचं तर अजूनच वाईट आहे. ब्राऊन ट्राउट नोव्हेंबर-डिसेंबरात अंडी घालतो. मादी शेपटीने गोट्यांत खड्डा करते, अंडी टाकते, वरून परत बारीक गोटे ओढून झाकते, आणि त्या गोट्यांच्या फटींतून थंड, ताजं पाणी सतत वाहत राहिलं तरच अंडी श्वास घेतात. बर्फासारख्या पाण्यात ती फुटायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून तर 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउट पकडायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण गाईड म्हणाला की नदीला पाणी सगळ्यात कमी पण त्याच महिन्यांत असतं, म्हणून मशीन उतरवायला सोयीचे महिने पण तेच. म्हणजे माझ्या गळाला बंदी आणि पोकलेनचा सीझन सुरू. मशीन थेट अंड्यांवरून गेलं नाही तरी वर खोदलं की गाळ उठतो, तो खाली जाऊन गोट्यांच्या फटी बुजवतो आणि अंडी आतल्या आत गुदमरतात, कोणाला दिसत पण नाही.

त्या रात्री आम्हा भावांचं भांडण झालं, खरं भांडण. मी जेवताना म्हटलं की हे बरोबर नाही केलं, नदीचं वाटोळं केलं. दादा एकदम चिडला. म्हणाला, "तुह्या घरात पानी नाही शिरलं ना, म्हनून तुले मासे दिसून राहिले." माझ्याकडे उत्तर नव्हतं. दादाचं घर नागपुरात अंबाझरी तलावाच्या खाली, नाग नदीच्या जवळ आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिमीच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, आणि झोपेत असताना त्यांच्या घरात छातीपर्यंत पाणी आलं. वहिनी आणि आई जिन्यावर बसून होत्या उजाडेपर्यंत. फ्रिज, गाडी, बाबांचे सगळे फोटो, सगळं गेलं. त्यानंतर नाग नदीचं पात्र साफ करा, खोल करा म्हणून जेवढे अर्ज गेले त्यावर दादाची सही आहे आणि माझी पण आहे. आता दर उन्हाळ्यात नाग, पिवळी आणि पोरा नदीत पोकलेन उतरले की दादा स्वतः जाऊन पाहून येतो, कुठपर्यंत आलं, गाळ काठावरच टाकला का उचलून नेला, आणि काठावरच टाकला असेल तर फोन करतो.

मग गाईडच बोलला. त्याचं स्वतःचं शेत पुरात गेलं आहे, काठावरचं, सफरचंदाची झाडं होती. तो म्हणाला पुलाखाली अडकलेले ओंडके काढा, पुलाच्या तोंडाशी साचलेला ढीग काढा, नदीत घुसून बांधलेली भिंत काढा, याला कोणी नाही म्हणणार नाही. पण पूर्ण पात्र सपाट आणि सरळ केलं तर पाण्याला अडवणारं काही उरत नाही, ते दुप्पट जोराने खाली जातं आणि पुढच्या गावाचा काठ कापतं. त्याचं शेत वरच्या बाजूला असंच सरळ केल्यावर गेलं. दादा हे ऐकून शांत झाला. म्हणाला, आपल्याकडे पण पानी अडलं ते पुलापाशीच.

मी दोन्ही बाजू मनात घेऊन परत आलो. नाग नदीत गाळ, प्लास्टिक, मलबा असतो, तो निघालाच पाहिजे, तिथे ट्राउटची अंडी नाहीत. डोंगरातल्या जिवंत नदीला तेच माप लावता येत नाही एवढंच. इंग्लंडमध्ये हेरफर्डशायरला लग नावाची नदी आहे, तिथे 2020 मध्ये एका शेतकऱ्याने दीड किलोमीटर पात्र बुलडोझरने असंच सपाट केलं होतं, पुरापासून घरं वाचवायला केलं असं त्याचं म्हणणं होतं, 2023 मध्ये कोर्टाने त्याला जेलमध्ये पाठवलं. दादाला ही शिक्षा जास्त वाटते, मला नाही वाटत. आमचं यावर अजून एकमत नाही.

एक जण विचारेल म्हणून सांगतो, हो, ब्राऊन ट्राउट हा तिथला मूळ मासा नाही, इंग्रजांनी 1909 च्या सुमारास कुल्लूत हॅचरी करून वाढवला. पण तिथला मूळचा जो गुगली मासा आहे, त्याला पण गोटे आणि डोहच लागतात.

बाकी सर्व्हिसबद्दल पटकन. जेवण जबरदस्त, सिड्डू (वाफवलेली जाड रोटी) आणि तूप, राजमा, आणि एक दिवस ट्राउट तळून, तो पण शेजारच्या फार्मवरचा रेनबो, नदीतला नाही. नदीतला जो लागला तो आम्ही ओल्या हाताने सोडून दिला, तसाच त्यांचा नियम आहे आणि मला तो आवडला. तीन दिवसांत मला चार, दादाला सात. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी मिळतं, रात्री मागावं लागतं. रॉड ठीक होते, पण एका रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरीचा ब्रेक, गेलेला होता, मोठा मासा त्यामुळे सुटला, आणि पाण्यात घालायचे बूट 9 नंबरच्या वर नाहीत, पाय मोठा असेल तर आपले घेऊन जा. नेटवर्क वर अजिबात नाही.

निघताना मी मालकीणबाईंना म्हटलं, ताई, तो फोटो काढा किंवा खाली लिहा की हा टप्पा आता असा नाही. त्या म्हणाल्या की तो फोटो काढला तर बुकिंग कोण करेल, आणि डोळ्यात पाणी आलं त्यांच्या, कारण तो डोह त्यांच्या लग्नाच्या आधीपासूनचा होता, त्यांचे सासरे तिथेच गळ टाकायचे. मला कळतं ते. तरी स्टार मी कापला आहे, कारण तो फोटो पाहून लांबून येणाऱ्या माणसाला हे आधी कळायला पाहिजे. वरच्या टप्प्यातला फोटो टाकला तरी लोक येतील, तो पण तेवढाच सुंदर आहे, मी माझे बारा फोटो त्यांना पाठवून दिले आहेत.

बुकिंग करताना फोनवर एवढं विचारा: कोणत्या टप्प्यात नेणार, तिथे मशीन कधी उतरलं होतं, आणि किती चालावं लागेल. ते खरं सांगतात, फक्त विचारावं लागतं. मार्चमध्ये सीझन परत उघडतो. आम्ही एप्रिलचा दुसरा आठवडा घेतला आहे, फक्त वरचा टप्पा, आणि दादा गुडघ्याचा पट्टा आणि स्वतःचा रील घेऊन येणार आहे.