सॅन होजेतला बान मी: हिवाळाभर खाल्ल्यानंतर (तक्रार पावाबद्दल आहे)

गेल्या आठवड्यात ऑफिसजवळच्या एका नव्या रेस्टॉरंटात बान मीचे, म्हणजे व्हिएतनामी सँडविचचे, साडेपंधरा डॉलर मोजले आणि पुढ्यात काय आलं, तर टोस्ट केलेला सावरडो (आंबट चवीचा, जाड सालीचा पाव). आत लोणचं नावाला, कोथिंबिरीची दोन पानं. तक्रार केली तर पुढच्या वेळेसाठी दहा टक्क्यांचं कूपन दिलं. पुढची वेळ कसली! व्हिएतनामबाहेर कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेइतके व्हिएतनामी दुसऱ्या कुठल्याच शहरात नाहीत, लाखाच्या वर आहेत, आणि त्या गावात ही थट्टा.

बान मीत काय काय असतं ते इथे बहुतेकांना ठाऊक आहे. मला पावाबद्दल बोलायचंय. साल पातळ आणि कुरकुरीत, आत जवळजवळ हवाच. पहिल्या घासाला शर्टावर चुरा सांडलाच पाहिजे. टाळू सोलली गेली तर समजा, साधा बगेत (लांबट फ्रेंच पाव) गळ्यात मारलाय. बगेत व्हिएतनामात नेला फ्रेंचांनी, पण सायगावकरांनी त्याला आखूड आणि हलका केला. मांस, पाटे (वाटलेल्या यकृताचा लेप), पाव हे आधी ताटलीत वेगवेगळं मिळायचं. १९५८ साली सायगावात सुरू झालेल्या ‘होआ मा’ या दुकानाने ते पावातच भरून द्यायला सुरुवात केली, कारण सकाळी कामावर पळणाऱ्यांना बसून खायला वेळ कुठला? वडापावाचं गणितही हेच. असल्या खाण्याला साडेपंधरा डॉलर मागताना जीभ अडखळायला हवी.

खरा माल सॅन होजेच्या स्टोरी रोडला, लिटल सायगाव या व्हिएतनामी वस्तीत. निम्म्याहून कमी पैशांत पोट भरतं. तिथलं एक छोटं दुकान मी नोव्हेंबरपासून सगळ्यांना सांगत होतो. ती शिफारस आता मागे घेतोय. फेब्रुवारीनंतर पाव बदललाय. साल चिवट, दातांनी ओढावी लागते. काउंटरवरच्या मावशींना विचारलं तर “सेम, सेम” म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. भरण मात्र अजून उत्तम आहे, गाजर-मुळ्याचं लोणचं तर फारच. पण पावच गेला तर लोणच्याने काय होणार?

सध्या मी ‘लीज सँडविचेस’कडे वळलोय. साखळी म्हणून नाक मुरडू नका, १९८३ पासून याच गावची आहे आणि पाव दुकानातच भाजतात. भरण जरा सपक, मिरची जास्त मागून घ्या.

शाकाहाऱ्यांसाठी: नुसतं टोफू मागून भागत नाही, मुरवणात फिश सॉस असू शकतो. ‘चाय’ (चहा नव्हे, व्हिएतनामीत शाकाहारी) लिहिलेली दुकानं शोधा. बौद्ध पद्धतीच्या कडक चायमध्ये कांदा-लसूणही नसतो, तरी विचारून घ्या. मेयोनीजमध्ये अंडं असतं, तेही बघा. पौर्णिमा-अमावास्येला बरेच व्हिएतनामी बौद्ध चायच खातात, त्या दिवशी रांगेची तयारी ठेवा.

घरी न्यायचा असेल तर लोणचं वेगळं बांधून मागा. नाहीतर अर्ध्या तासात पावाचा लगदा. मी सुटे पावच जास्त घेतो. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हलका हात फिरवून पाच मिनिटं ओव्हनमध्ये टाकले की साल परत कडक होते, आत ऑम्लेट घालायचं. रोख पैसे जवळ ठेवा, काही ठिकाणी कार्ड घेतच नाहीत. आणि शनिवारी दुपारी स्टोरी रोडला गाडी घेऊन जाऊ नका.