कोरड सोसलेलं घरचं बियाणं ठेवावं की नवीन थैली घ्यावी?

पावसाचा खंड पडलेल्या वावरातलं सोयाबीन बियाण्याला ठेवलं तर पुढचं पीक कोरड जास्त सोसते, असं काही जण सांगतात. याच्यात तथ्य आहे पण थोडंच, अन् त्याच्या भरवशावर पेरणीचा निर्णय घेऊ नका भाऊ.

ताण बसला की झाडाचा डीएनए तोच राहते, पण त्याच्यावरच्या रासायनिक खुणा बदलतात, अन् कोणता जीन चालू कोणता बंद हे त्या खुणांवर ठरते. अशा बऱ्याच खुणा पुढच्या पिढीत पुसल्या जातात. २०१६ मध्ये अरेबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या झाडावर मिठाच्या ताणाचा प्रयोग छापून आला, त्यात ताणाची ही आठवण, म्हणजे या खुणा, मुख्यतः मादीकडून बियात उतरली आणि पुढे ताण मिळाला नाही तर निघून गेली. चीनमधलं भातावरचं काम २०२५ चं, तिथं थंडी सोसायची ताकद ५ पिढ्या टिकली, पण त्यासाठी पिढ्यान्पिढ्या थंडी देऊन दाणा भरलेलीच झाडं निवडली होती, आपल्या वावरात एखादा खंड पडणं म्हणजे ते नव्हे.

घरच्या बियाण्याचा खरा फायदा पैशाचा आहे. सोयाबीन स्वपरागित, म्हणजे फूल स्वतःच्याच परागकणानं फळते, त्यामुळं वाण तोच राहते आणि एकदा घेतलेलं प्रमाणित बियाणं ३ वर्षं चालवता येते. पण शेंगा भरताना पाणी तुटलं की दाणा बारीक, सुरकुतलेला, हिरवट राहते, उगवण पडते, अन् पीक उगवलंच नाही तर आठवण काय कामाची? म्हणून माझं मत उलटं आहे, जिथं ओल टिकली अन् दाणा टपोरा भरला तिथलं वेगळं काढा, मळणी यंत्राच्या हळू फेऱ्यांवर करा, पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून ७० तरी उगवतात का ते पाहा.

थैलीचं बियाणं महाग, पण वाणाचे गुण जीनमधेच असतात, ते असे पुसले जात नाहीत. हलक्या जमिनीत सोयाबीनच्या जेएस ३३५ वाणापेक्षा जेएस ९५-६० सारखं लवकर निघणारं वाण शेवटच्या कोरडीतून सुटते, तिथं मी थैलीच घेईन. पऱ्हाटीचा तर प्रश्नच नाही, संकरित वाणाचं सरकीचं बियाणं पुढं एकसारखं राहत नाही. तुरीत मधमाश्या परागकण इकडचे तिकडे नेतात, शेजारी दुसरा वाण असला तर भेसळ होते.

हरभऱ्याचं मात्र रात्रभर, ८ तासाच्या आसपास, साध्या पाण्यात भिजवून वरून सुकवून पेरा, कमी ओलीत उगवण लवकर होते. सोयाबीन असं भिजवू नका, त्याची साल पातळ असते.