पीएलसीचा दिवा लागलाच नाही, 59,700 रुपये मात्र गेले

नागपूरच्या एका ऑटोमेशन क्लासची नोंदणी 2,500. कोर्स 38,000. 'प्लेसमेंट डिपॉझिट' 15,000. मेडिकल आणि युनिफॉर्म 4,200. बाबांनी सोयाबीन विकून दिलेले 59,700 रुपये गेले, नागपुरातल्या खोलीचं भाडं वेगळंच.

तीन महिन्यांत पीएलसी (कारखान्यातली मशीन चालवणारा छोटा संगणक), स्काडा (स्क्रीनवरून त्या मशीनवर नजर ठेवायची प्रणाली), व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र), आणि बुटीबोरी नाहीतर चाकणच्या कारखान्यात नोकरी पक्की, असं सांगितलं होतं. इन्स्ट्रुमेंटेशनची डिग्री घेऊन दारव्हा तालुक्यात वर्षभर घरी बसलो होतो. पारावर रोज एकच प्रश्न, "लागला का रे कुठी?" तो ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल मी का गेलो.

पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. लॅबमध्ये पीएलसीची रॅक होती, पण एकही दिवा लागलेला नव्हता. वाकून पाहिलं तर 24 व्होल्टच्या पॉवर सप्लायला वायरच जोडलेली नाही, टर्मिनलच्या स्क्रूंवर धूळ. सर म्हणाले, "लाइन गेली आहे." आणि माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता! चार वर्षं हेच शिकलो आणि मी गप्प बसलो, कारण त्याच सकाळी 38,000 भरले होते. रॅक चालू करून, एक मोटर फिरवून दाखवल्याशिवाय एक रुपया देऊ नका. लॅडर लॉजिकचा, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्रामिंगचा, सराव तर कोडेसिस या सॉफ्टवेअरवर घरबसल्या फुकट होतो.

चाकणच्या कंपनीचं म्हणून दिलेल्या ऑफर लेटरवर शिक्का होता, सही होती. कंपनीला फोन का नाही केला, असं सगळे विचारतात. "एचआरला थेट फोन केला तर नाव कटेल," असं बजावलं होतं. चाकणच्या गेटवरचा वॉचमन पत्र पाहून म्हणाला, "या महिन्यातले तुम्ही चौथे." नोकरीसाठी डिपॉझिट मागितलं की तिथूनच उठा.

तालुक्याच्या ठाण्यात साहेब म्हणाले, "तूनच देले ना पैसे? नागपूरले जा." नागपूरवाले म्हणाले, "गावच्या ठाण्यात द्या." हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावीच लागते, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये तसं लिहिलं आहे. ते वाचून दाखवलं तर, "आम्हाले कायदा शिकवतं का?" चार खेपा, चार दिवसांची मजुरी बुडाली, बाबा बाहेर बाकावर बसून. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तोवर दीड महिना उलटला होता. तुम्ही त्याच तासाला करा. रोख तर देऊच नका. माझ्या 38,000 ची पावती साध्या कागदावर आहे.

एसपी ऑफिसला पोस्टाने तक्रार पाठवली. पोचपावती आली, उत्तर नाही. परवा त्यांची जाहिरात पुन्हा दिसली, नवी बॅच सोमवारपासून. फोटोत तीच रॅक आहे.